वेगळ्या घडणीचे गर्भाशय आणि बाळंतपण : प्रस्तावना

स्त्रीच्या गर्भाशयाचा आकार ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच ठरतो. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा झाला की त्याच्या शरीरात दोन नाजूक नलिका तयार होऊ लागतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३० साली त्यांचे वर्णन केल्यामुळे त्या म्यूलेरियन नलिका म्हणून ओळखल्या जातात. मुलीच्या गर्भात या नलिका खाली उतरत मध्यरेषेकडे येतात, बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्यांचे खालचे भाग एकमेकांना जुळतात, आणि जुळलेल्या जागी उरलेली मधली भिंत पुढील आठवड्यांत विरून जाऊन एकसंध पोकळी तयार होते. न जुळलेल्या वरच्या भागांच्या गर्भनलिका होतात. जुळलेल्या भागातून गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनिमार्गाचा वरचा भाग घडतो. नलिका तयार होणे, त्या जुळणे आणि मधली भिंत विरणे अशा या तीन पायऱ्या असून त्यांपैकी कोणत्याही पायरीवर काम अपुरे राहिले तर गर्भाशयाची घडण नेहमीपेक्षा वेगळी होते, आणि त्या वेगळेपणाचा पत्ता मुलीला, तिच्या आईला किंवा सासरच्यांना पुढे वीस-पंचवीस वर्षे, कित्येकदा आयुष्यभर, लागत नाही.

यांतील प्रकार समजून घेतल्याशिवाय बाळंतपणाच्या निष्पत्तीविषयी काहीही बोलणे निरर्थक ठरते, कारण ‘गर्भाशयात दोष आहे’ या एका वाक्याखाली अगदी भिन्न परिस्थिती येतात. दोन्ही नलिका वाढल्याच नाहीत तर गर्भाशय नसतेच, किंवा त्याचा नुसता अवशेष असतो. एकच नलिका पूर्ण वाढली तर केळ्यासारखे एका बाजूला झुकलेले एकशृंगी गर्भाशय तयार होते आणि दुसऱ्या बाजूला अनेकदा एक खुरटलेले शिंग उरते. दोन्ही वाढल्या पण अजिबात जुळल्या नाहीत तर दोन गर्भाशये आणि दोन गर्भाशयमुखे असलेले दुहेरी गर्भाशय होते. अर्धवट जुळल्या तर माथ्यावर खोल खाच असलेले द्विशृंगी गर्भाशय. जुळणी पूर्ण झाली पण मधली भिंत विरली नाही, तर बाहेरून माथा सपाट किंवा गोल आणि आत मात्र पडदा, अशी स्थिती असते. भिंतीचा अगदी थोडा उंचवटा उरला तर त्याला कमानदार गर्भाशय म्हणतात, आणि त्याला विकृती म्हणावे की नाही याविषयीच मतभेद आहेत. प्राणिसृष्टीकडे पाहिले तर यात अघोरी असे काहीच नाही: गाय, म्हैस आणि कुत्री यांचे गर्भाशय नेहमीच दोन शिंगांचे असते, सशाच्या मादीला तर दोन स्वतंत्र गर्भाशये व दोन मुखे असतात. मनुष्यजातीत एकच मोठे मूल पूर्ण नऊ महिने एकाच पोकळीत वाढावे लागते, म्हणून आपल्याकडे या घडणीला एवढे महत्त्व आले.

या वेगळेपणाची नोंद आयुर्वेदाच्या संहितांतही अस्पष्टपणे सापडते. चरकसंहितेत वीस योनिव्यापदांची गणना आहे. त्यांतील षण्ढी हा प्रकार बीजदोषामुळे जन्मतः उद्भवतो असे तेथे मानले आहे, सूचीमुखीत मार्ग अतिशय अरुंद असतो, तर पुत्रघ्नीमध्ये राहिलेला गर्भ वारंवार नष्ट होतो. हे वर्गीकरण आजच्या वर्गीकरणाशी जुळवत बसणे योग्य नाही, कारण जिवंत स्त्रीच्या गर्भाशयाचा आतील आकार पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. मात्र काही स्त्रियांचा त्रास जन्मापासूनचा असतो एवढे जाणत्यांना त्या काळीही उमगले होते. घराघरांतून मात्र ही समज उतरली नाही. गर्भ पुन्हा पुन्हा पडणाऱ्या स्त्रीला वांझ म्हणणे, तिच्या वागण्यात, खाण्यात किंवा पूर्वजन्मात कारण शोधणे, नवस आणि कौल यांत वर्षे घालवणे हे कोकणातही घडत आले आणि आजही पूर्ण थांबलेले नाही. जी गोष्ट तिच्या जन्माच्या सहा महिने आधी ठरून गेली, तिचा ठपका तिच्यावर ठेवणे हा अन्याय आहे, आणि या विषयावर मराठीत सविस्तर लिहिण्याचे पहिले प्रयोजन तो दूर करणे हेच आहे.

दुसरे प्रयोजन अधिक व्यावहारिक आहे, आणि ते आंबोलीसारख्या गावाकडे पाहिल्यावर स्पष्ट होते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, वेंगुर्ले बंदराला बेळगावशी जोडणाऱ्या जुन्या घाटरस्त्यावर वसले आहे. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. जून ते सप्टेंबर या काळात दाट धुके, घाटात कोसळणाऱ्या दरडी आणि पडणारी झाडे ही नित्याची बाब असते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, साधी बाळंतपणे तेथे होऊ शकतात. परंतु शस्त्रक्रिया, रक्तपेढी, भूल देणारे तज्ज्ञ यांसाठी सुमारे तीस किलोमीटर घाट उतरून सावंतवाडीला, त्यापुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या गोव्यावर अवलंबून राहिले आहेत, आणि गोवा सरकारने २०१८ साली राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू केले तेव्हा जिल्ह्यात उमटलेल्या तीव्र प्रतिक्रियेने हे अवलंबित्व किती खोल आहे ते दाखवून दिले. चौकुळ, गेळे आणि आंबोली येथील गरोदर स्त्रीच्या दृष्टीने म्हणूनच प्रश्न असा असतो की तिच्या गर्भाशयाची घडण वेगळी आहे हे पाऊस सुरू होण्यापूर्वी कोणाला माहीत आहे काय.

आता आकड्यांकडे वळता येईल, पण सावधपणे. चॅन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ९४ अभ्यासांतील ८९,८६१ स्त्रियांची माहिती एकत्र करून असा निष्कर्ष काढला की सर्वसाधारण स्त्रियांत जन्मजात वेगळेपणाचे प्रमाण ५.५ टक्के, वंध्यत्वासाठी तपासणी करून घेणाऱ्यांत ८ टक्के, पूर्वी गर्भपात झालेल्यांत १३.३ टक्के, आणि वंध्यत्व व गर्भपात दोन्ही असलेल्यांत २४.५ टक्के असते. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या गरोदरपणातील सोनोग्राफी झालेल्या ६६,९५६ स्त्रियांपैकी फक्त २०३ जणींत, म्हणजे ०.३ टक्क्यांत, असे वेगळेपण नोंदले गेले होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. पहिल्यात कमानदार गर्भाशयासारखे सौम्य प्रकार मोठ्या संख्येने आहेत आणि तपासणी मुद्दाम गर्भाशय पाहण्यासाठी झालेली आहे; दुसऱ्यात तपासणी बाळ पाहण्यासाठी झाली आणि गर्भाशय ओघात दिसले तेवढेच टिपले गेले. या दोन आकड्यांमधील अंतर हेच या विषयाचे खरे मर्म आहे. गर्भाशय वेगळे असूनही ते नोंदीत न येणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि पाच महिन्यांनंतर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बाळाने व्यापलेल्या, ताणल्या गेलेल्या गर्भाशयाचा मूळ आकार ओळखणे अनुभवी तज्ज्ञालाही कठीण जाते. याउलट पहिल्या तीन महिन्यांत, गर्भाशयाचा माथा आणि पोकळी दोन्ही स्पष्ट दिसत असताना, तोच आकार सहज ध्यानात येऊ शकतो.

निष्पत्तीविषयी सर्वसाधारणपणे असे सांगता येते की मधली भिंत न विरल्याने आलेल्या दोषात, म्हणजे पडद्याच्या गर्भाशयात, पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपाताचे प्रमाण वाढते आणि दिवस राहण्यातही काही अडचण येऊ शकते. एकच नलिका वाढलेल्या किंवा जुळणी अपुरी राहिलेल्या प्रकारांत, म्हणजे एकशृंगी, द्विशृंगी आणि दुहेरी गर्भाशयात, दिवस राहण्यात विशेष अडथळा येत नाही, पण दिवस पूर्ण भरण्याआधी प्रसूती होणे आणि मूल डोक्याऐवजी पायाळू किंवा आडवे असणे हे धोके वाढतात. पोकळी लहान, तिची भिंत काही ठिकाणी पातळ, रक्तपुरवठा असमान आणि गर्भाशयमुख कधी कधी कमकुवत, अशी कारणे त्यामागे दिली जातात. बाळाची वाढ खुंटणे आणि प्रसूतीनंतर वार अडकून रक्तस्राव होणे यांकडेही लक्ष ठेवावे लागते. पायाळू मुलाविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण भरलेली पाठ मोकळी होते, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे आणि तिने कोणाचे नुकसान होत नाही. पण एकाच स्त्रीची लागोपाठ दोन मुले पायाळू निघाली, तर पोकळीच्या आकारात काही वेगळे असल्यामुळे बाळाला फिरायला जागा मिळत नसेल, ही शंका घेण्याचे ते सबळ कारण असते. घरातील वडीलधाऱ्या बायांना अशी माहिती तोंडपाठ असते, आणि आशा स्वयंसेविकेने ती विचारून घेतली तर कोणत्याही यंत्राशिवाय एक मोलाचा धागा हाती येतो.

एकशृंगी गर्भाशयाविषयीचे आकडे वाचकाला घाबरवणारे आहेत. राइशमन आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या आढाव्यात अशा गरोदरपणांपैकी सुमारे निम्म्यांतच जिवंत मूल जन्मले आणि पाचापैकी एका गरोदरपणात प्रसूती मुदतीआधी झाली, असे दिसते. परंतु या आढाव्यांत आलेल्या स्त्रिया बहुतांशी अशा आहेत की ज्या आधीच त्रासात पडल्यामुळे मोठ्या रुग्णालयांत पोहोचल्या होत्या. दोन-तीन मुले सुखरूप जन्माला घालून ज्यांचे वेगळेपण कोणाला कळलेच नाही, त्या या हिशोबात कुठेच नाहीत. डॉक्टराने अहवालावर बोट ठेवून हा आकडा सांगताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे. अन्यथा जोखमीचे रूपांतर निकालात होते आणि धास्तावलेली स्त्री तपासणीलाच येईनाशी होते.

मात्र एका स्थितीत घाबरण्याला पूर्ण आधार आहे. एकशृंगी गर्भाशयाच्या शेजारील खुरटलेले शिंग मुख्य पोकळीशी जोडलेले नसले तरी त्याच्या आत अस्तर असेल तर त्यात गर्भ रुजू शकतो, कारण शुक्रजंतू दुसऱ्या बाजूच्या नलिकेतून पोटाच्या पोकळीत येऊन पलीकडच्या नलिकेपर्यंत पोहोचू शकतात. असे गरोदरपण फार विरळ आहे, सुमारे ७६,००० ते दीड लाख गरोदरपणांत एक असा त्याचा अंदाज दिला जातो. फ्रान्समध्ये मोरिसो यांनी १६६९ साली केलेली नोंद त्याची पहिली मानली जाते. शिंगाची पातळ भिंत वाढणाऱ्या गर्भाला पुरत नाही आणि बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती फुटते. रक्त पोटात साचते, बाहेर दिसत नाही. स्त्रीला अचानक तीव्र वेदना होतात, घेरी येते, खांदा दुखतो, चेहरा पांढरा पडतो, आणि तास-दोन तासांत जीव धोक्यात येतो. गर्भपाताच्या गोळ्या देऊनही गर्भ पडला नाही, तर हे शिंगातील गरोदरपण असू शकते, ही शक्यता प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने मनात ठेवली पाहिजे. आंबोलीहून घाट उतरायला चांगल्या हवेतही जवळपास तास लागतो. तिसऱ्या महिन्याच्या आत केलेली एक काळजीपूर्वक सोनोग्राफी अशा वेळी जीव वाचवते, कारण शिंग वेळेत ओळखता आले तर ते फुटण्यापूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येते.

या विषयातील एक मोठे नाव सिंधुदुर्गाच्या शेजारचे आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा येथे झाला. मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकरांच्या वास्तव्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे ते हे नव्हे, हे फोंडे तालुक्यातील. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे अध्यापन करताना त्यांनी पाहिले की काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, गर्भाशयमुख आपोआप उघडल्याने पडतो. स्त्रीच्याच मांडीतील पातळ पण चिवट आवरणाची पट्टी घेऊन ती गर्भाशयमुखाभोवती, आतील तोंडाच्या पातळीवर आवळून बांधण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९५५ साली प्रसिद्ध केली. शिरोडकर टाका म्हणून ती जगभर ओळखली जाते. पुढे पट्टीच्या जागी कृत्रिम फीत आली, १९५७ साली मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपा प्रकार सुचवला, पण मूळ विचार तोच राहिला. शिरोडकरांना १९७१ साली पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. गर्भाशयाची घडण वेगळी असलेल्या स्त्रीमध्ये गर्भाशयमुख आखूड होत चालले असेल किंवा पूर्वी मधल्या महिन्यांत गर्भ गेला असेल, तर हा टाका उपयोगी पडू शकतो. केवळ आकार वेगळा आहे एवढ्यावरून सरसकट टाका घालण्याला मात्र पुरेसा आधार नाही. ज्या माणसाने टाका शोधला त्याने तो कोणाला घालायचा हे निरीक्षणातून ठरवले होते, याची आठवण आज टाका घाईने सुचवणाऱ्यांनी ठेवावी.

हीच घाई पडद्याच्या बाबतीत अधिक दिसते. योनिमार्गातून दुर्बीण घालून पडदा कापणे ही छोटी शस्त्रक्रिया आहे, तिने गर्भपात टळतात अशी समजूत अनेक दशके प्रचलित होती, आणि ज्यांचे गर्भ पडले त्या स्त्रिया आशेने ती करून घेत आल्या. नेदरलँड्सच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या एका चाचणीत पडदा असलेल्या ८० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली; २०२१ साली आलेल्या निकालानुसार पडदा कापलेल्या गटात ३१ टक्के आणि न कापलेल्या गटात ३५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. चाचणी लहान असल्याने वाद संपलेला नाही, पण शस्त्रक्रियेने लाभ होतोच असे कोणालाही आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यात व्याख्येचाही गुंता आहे. अमेरिकन तज्ज्ञसंस्थेचे १९८८ सालचे वर्गीकरण, युरोपीय संस्थांचे २०१३ सालचे आणि पुन्हा अमेरिकन संस्थेचे २०२१ सालचे यांत पडदा कशाला म्हणायचे याचे निकष वेगवेगळे असल्याने एका पद्धतीत निरोगी ठरणारे गर्भाशय दुसऱ्या पद्धतीत पडद्याचे ठरू शकते. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने पडद्याची लांबी किती, माथ्याचा बाहेरील आकार कसा आणि हे त्रिमितीय सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये पाहिले आहे काय, एवढे विचारणे हा तिचा अधिकार आहे.

दुहेरी गर्भाशयाच्या स्त्रिया बहुधा चांगल्या निभावतात, त्यांची बाळंतपणे योनिमार्गेही होऊ शकतात, आणि क्वचित दोन्ही गर्भाशयांत एकाच वेळी गर्भ वाढतो. बांगलादेशात २०१९ साली एका ग्रामीण स्त्रीला एक मूल झाले आणि २६ दिवसांनी पुन्हा कळा आल्यावर दुसऱ्या गर्भाशयातून जुळी जन्मली. पहिल्या बाळंतपणात दुसरे गर्भाशय कोणाच्या लक्षातच आले नव्हते. तिन्ही मुले वाचली ही समाधानाची गोष्ट, पण या घटनेचे कौतुक करताना ती कशामुळे घडली तेही पाहावे. म्यूलेरियन नलिकांच्या शेजारूनच मूत्रपिंडे घडवणारी रचना वाढत असल्याने गर्भाशय वेगळे असलेल्या स्त्रियांत, विशेषतः एकशृंगी प्रकारात, एका बाजूचे मूत्रपिंड नसणे बरेच आढळते; म्हणून गर्भाशय वेगळे दिसले की मूत्रपिंडे तपासावीत, आणि एकच मूत्रपिंड असल्याचे लहानपणी कळलेल्या मुलीचे गर्भाशय ती वयात आल्यावर तपासावे.

गर्भाशयच नसलेल्या स्त्रियांचा प्रश्न निराळा असून त्याचे प्रमाण साधारण साडेचार ते पाच हजार मुलींत एक असे आहे. त्यांची बीजांडे व स्तनांची वाढ सामान्य असते, पाळी मात्र कधीच येत नाही. स्वीडनमध्ये २०१४ साली अशा एका स्त्रीला प्रत्यारोपित गर्भाशयातून १,७७५ ग्रॅम वजनाचे मूल झाले. भारतातील पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केले. सोलापूरच्या त्या तरुणीला जन्मतः गर्भाशय नव्हते आणि तिच्या आईनेच ते दिले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच रुग्णालयात प्रत्यारोपित गर्भाशयातून देशातील पहिले मूल जन्मले, ते गुजरातमधील दुसऱ्या स्त्रीचे. २०२१ चा सरोगसी कायदा आणि त्याखालील नियम गर्भाशय नसणे किंवा फार लहान असणे हे वैद्यकीय कारण मान्य करतात. हे मार्ग थोड्यांनाच परवडतात. खेड्यातील मुलीला त्याआधी गरज असते ती सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर लग्न ठरवण्याची वाट न पाहता तपासणी होण्याची.

पुन्हा आंबोलीकडे यायचे तर तेथील अडचण यंत्रांच्या अभावाइतकीच कागदांच्या फाटाफुटीची आहे. कोकणातील असंख्य कुटुंबांप्रमाणे येथील मुलींचे सासर बहुधा मुंबई-ठाण्याकडे असते. पहिल्या तीन महिन्यांची सोनोग्राफी तिकडे होते, आणि सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड असते, पण गर्भाशयाविषयीची ओळ असलेला अहवाल मुंबईतल्या कपाटात राहतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत प्रेमाची आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही; अहवालाची प्रत सोबत येणे एवढेच हवे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणाऱ्या तपासणीत माहेरवाशिणीला आवर्जून बोलावून तो अहवाल पाहिला, तर सिझेरियन लागण्याची शक्यता, बाळ कमी दिवसांचे निघाल्यास नवजात अतिदक्षता कक्ष कोठे मिळेल, आणि घाट बंद झाल्यास आजरा-गडहिंग्लजच्या किंवा बेळगावच्या दिशेने जायचे की काय, हे आधी ठरवता येते. राज्याच्या आदिवासी भागांत माहेरघर योजनेखाली गरोदर स्त्रीला दिवस भरण्यापूर्वी आरोग्य केंद्रात राहण्याची सोय केली जाते. पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या घाटमाथ्यावरील जोखमीच्या मातांसाठी तशीच सोय सावंतवाडीत करणे फार खर्चाचे नाही.

शेवटचा मुद्दा शल्यचिकित्सकांसाठी आहे. सिझेरियन करताना गर्भाशयाचा माथा, दोन्ही बाजूंची शिंगे, नलिका आणि बीजांडे उघड्या डोळ्यांनी दिसतात; इतकी स्पष्ट पाहणी कोणत्याही यंत्राने होत नाही. मूल बाहेर काढून पोट शिवण्यापूर्वी माथ्यावर खाच आहे काय, एखादे शिंग खुरटलेले आहे काय आणि पोकळीत पडदा हाताला लागतो काय, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. ही पाहणी शस्त्रक्रियेच्या टिपणात आणि घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत, स्त्रीला वाचता येईल अशा एका वाक्यात लिहिली गेली पाहिजे, म्हणजे तीन वर्षांनी ती दुसऱ्या खेपेला दिवस राहून ज्या कोणत्या केंद्रात जाईल, तेथील परिचारिकेला ते तिसऱ्या महिन्यातच कळेल.